विकायला निघालेली अजब घरं, महागडी घरं: बघणारे कोण कोण आहात?

उंबरठा

बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं शिकागोजवळच्या हायलंड पार्कमधलं घर डिसेंबर २०२४ मध्ये अखेर विकलं गेलं, ९५ लाख डॉलरना. २०१२ मध्ये पहिल्यांदा विक्रीला काढलं तेव्हा मागणी होती २ कोटी ९० लाखांची. सुमारे ५६,००० चौरस फूट बांधकाम, सात एकरांहून जास्त जमीन, घरातच बास्केटबॉलचं पूर्ण मैदान आणि फाटकावर त्याच्या जर्सीचा भलामोठा २३ चा आकडा. मधे लिलाव ठेवला, तो जमला नाही. मग किंमत उतरवत उतरवत १,४८,५५,००० वर आणली. या आकड्यांची बेरीज करून बघा, २३ च येते. म्हणजे किंमत कमी करतानाही घर त्याचंच राहिलं, घेणाऱ्याचं होईना!

मी न्यू जर्सीत असते. आम्हाला घर घ्यायचं नाहीये, आहे ते पुरेसं आहे. पण झिलो या घरविक्रीच्या अमेरिकी संकेतस्थळावर अशी घरं बघणं हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. फोटो बघतेच, पण त्याहून जास्त वेळ जातो खालच्या किंमतीच्या इतिहासात. कधी विकायला काढलं, कितीला, कधी उतरवलं, कधी बाजारातून काढून घेतलं, मालक बदलला का. त्या चार-सहा ओळींत माणसांचं पुष्कळ काही कळतं. माझं मत असं झालंय की घर जितकं एकाच माणसाच्या मापानं बेतलेलं, तितकी त्याची मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत दरी मोठी.

तुम्ही बघता का अशी घरं? कुठली लक्षात राहिली? भारतातली, गोव्यातली, कोकणातली असतील तर आधी सांगा.

झुळूक

मी आहे या पंगतीत! सॅन फ्रान्सिस्कोजवळ, बे एरियात राहते. २८० महामार्गावरून जाताना हिल्सबरोचं ते नारिंगी-जांभळं गोलगोल घर दिसतं, ज्याला सगळे जुन्या कार्टूनवरून फ्लिंटस्टोन हाउस म्हणतात. १९७६ मध्ये विल्यम निकोलसन या वास्तुरचनाकारानं बांधलं. हवेनं फुगवलेल्या मोठ्या फुग्यांवर लोखंडी जाळी बसवायची, त्यावर काँक्रीटचा फवारा मारायचा आणि घट्ट झालं की फुगे काढून घ्यायचे. त्यामुळे आत सरळ भिंत म्हणून नाहीच.

२०१५ मध्ये ४२ लाख डॉलरना काढलं होतं, २०१७ मध्ये २८ लाखांना गेलं. आणि लक्षात घ्या, हिल्सबरो म्हणजे इथल्या अत्यंत महागड्या गावांपैकी एक. नव्या मालकीणबाईंनी अंगणात मोठमोठे डायनासोर उभे केले, तेव्हा गावानं २०१९ मध्ये त्यांच्यावर दावा लावला. २०२१ मध्ये तडजोड झाली आणि डायनासोर राहिले. मला याचा फार आनंद झाला. इतक्या नीटनेटक्या, एकसारख्या गावात एक घर तरी असं असायला हवं.

मोजपट्टी

उंबरठाताई, तुमच्या निरीक्षणामागे व्यवहाराचं कारण आहे. मी पुण्यात वास्तुरचनेचं काम करतो, काही वर्षं अमेरिकेत होतो, म्हणून सांगतो.

तिथे बँक कर्ज देताना घराचं मूल्यांकन करून घेते. मूल्यांकन करणारा माणूस आजूबाजूला अलीकडे विकली गेलेली साधारण तशीच घरं शोधतो आणि त्यांच्या किंमतींशी ताडून बघतो. फुग्यावर बांधलेल्या घरासारखं दुसरं घर तो कुठून आणणार? मग बँक हात आखडता घेते. कर्ज नाही म्हटल्यावर उरतात फक्त रोख देऊ शकणारे, त्यातले त्याच गावात राहायला तयार असलेले आणि त्यातले पुन्हा तसली चव असलेले. गाळत गाळत दोन-चार माणसं शिल्लक राहतात, तीही एकाच वर्षी सापडतील असं नाही.

दुसरं, थांबणं फुकट नसतं. जॉर्डनच्या घराचा मालमत्ता कर वर्षाला लाख डॉलरच्या वर होता. विमा, बाग, एवढं घर हिवाळ्यात गरम ठेवणं वेगळंच.

लॉस एंजेलिसच्या बेल एअरमधलं ‘द वन’ बघा. १,०५,००० चौरस फूट. बांधणाऱ्यानं सुरुवातीला ५० कोटी डॉलरची भाषा केली, कर्जात बुडाला, २९.५ कोटींना विक्रीला आलं आणि मार्च २०२२ च्या लिलावात बोली थांबली १२.६ कोटींवर. हे तर कुणा एकाच्या आवडीनं बांधलेलंही नव्हतं. अमुक इतका पैसा असलेल्या माणसाला काय काय हवं असेल याचा अंदाज बांधून केलेलं घर होतं. तेव्हा तुमच्या नियमाला एक पुरवणी जोडा: कुणाच्याच मापाचं नसलेलं घरही असंच अडकतं.

उंबरठा

मोजपट्टी, पुरवणी मान्य. ‘द वन’चे फोटो मी बघितलेत आणि मला त्यात कुठेही बसावंसं वाटलं नाही. याउलट लास वेगासचं जमिनीखालचं घर मला खरोखर आवडतं. १९७८ चं आहे. शीतयुद्धाच्या भीतीपोटी एका श्रीमंत उद्योजकानं जमिनीखाली २६ फुटांवर सुमारे १५,००० चौरस फुटांचा तळ खणला. त्यात घर, घराभोवती ‘अंगण’, खोटी झाडं, पोहण्याचा तलाव, छोटं गोल्फ, भिंतींवर रंगवलेले डोंगर. दिवे असे की पहाट, दुपार, संध्याकाळ आणि चांदणी रात्र, हवं ते लावता येतं. २०१४ मध्ये ११.५ लाख डॉलरना विकलं गेलं, २०१९ मध्ये १ कोटी ८० लाखांना पुन्हा बाजारात आलं.

हे फोटो बघताना मला हसू येत नाही. त्या माणसाला जग संपण्याची भीती होती, पण बायको-मुलांना आकाश दिसलं पाहिजे असंही वाटत होतं, असंच मला ते रंगवलेले डोंगर बघून वाटतं.

नाना_दादर

धागा वाचला. थोडं कडू बोलतो, रागावू नका.

घर विकायला निघतं तेव्हा बहुतेक वेळा मागे काहीतरी घडलेलं असतं. घटस्फोट, कर्ज, म्हातारपण, मृत्यू. अशा वेळी त्यांच्या निजायच्या खोल्या, मुलांची खेळणी, न्हाणीघरातल्या बाटल्या जगानं चवीनं बघाव्यात, हे मला पटत नाही. समाजमाध्यमांवर अशा घरांच्या टिंगलीची खातीसुद्धा चालतात आता. आपल्याकडे कुणी घर विकतो तेव्हा चार लोकांत बोलत नाही, त्यामागे लाजच नसते, मर्यादाही असते.

उंबरठा

नाना, तुमचा मुद्दा मनाला लागला आणि तो रास्त आहे. मी दोन गोष्टी पाळते. घरात माणसं राहत असल्याच्या खुणा असतील तर ते घर कुणाला पुढे पाठवत नाही. आणि घर विकलं गेलं असेल तर नव्या मालकाचं नाव शोधत बसत नाही. झिलोवर मालकाला घरावर आपला हक्क सांगून जुने फोटो झाकता येतात. अनेकांना हे माहीत नसतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

पण किंमत उघड असावी की नसावी, हा प्रश्न मी वेगळा धरते. ती उघड असणं सगळ्यांच्या हिताचं आहे.

पडवी

अगदी! मला हेच विचारायचं होतं. आपल्याकडच्या संकेतस्थळांवर बंगला बघायला जावं तर एक बाहेरचा फोटो, एक देवघराचा, आणि किंमतीच्या जागी ‘विचारणा केल्यास’. क्षेत्रफळ कार्पेट की सुपर बिल्टअप ते फोन केल्याशिवाय कळत नाही आणि फोन केला की पुढे महिनाभर दलालांचे फोन येत राहतात. इंग्लंडमध्ये म्हणे विकल्या गेलेल्या प्रत्येक घराची किंमत सरकारच प्रसिद्ध करतं?

कागदपत्र

हो, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९५ पासूनच्या विक्रीच्या किंमती तिथलं लँड रजिस्ट्री खातं खुल्या ठेवतं. पण आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. महाराष्ट्रात खरेदीखत नोंदलं की त्याची सूची क्रमांक दोन तयार होते, जिला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात. त्यात मोबदला, बाजारमूल्य, मिळकतीचं वर्णन, देणार-घेणार, भरलेलं मुद्रांक शुल्क, सगळं असतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि मिळकत क्रमांक टाकून शोध घेता येतो. वर्तमानपत्रात ‘अमुक नटानं इतक्या कोटींना सदनिका घेतली’ अशा बातम्या येतात त्या बहुतांशी याच नोंदींवरून.

फरक असा की झिलो ही माहिती घराच्या फोटोखाली आणून ठेवतं, आणि आपल्याकडे ती आपण खणून काढायची. शिवाय सूचीत झालेला व्यवहार दिसतो, न झालेले दिसत नाहीत. कितीला काढलं होतं आणि किती वेळा उतरवलं, हे भारतात फक्त लिलावातच नीट कळतं.

उदाहरण गोव्यातल्या कांदोळीचा, विजय मल्ल्याचा किंगफिशर व्हिला. बँकांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये लिलाव लावला तेव्हा राखीव किंमत ८५ कोटींच्या आसपास होती. कुणी आलं नाही. पुन्हा ८१ कोटी, पुन्हा कुणी नाही. शेवटी एप्रिल २०१७ मध्ये ७३ कोटींना खाजगी वाटाघाटीनं गेला. उंबरठाताई, तुमच्या झिलोवरच्या ओळी अशाच असतात ना?

सुशेगाद

गोंयचो विषय निघाला म्हणून लिहितो. मी बार्देशातला.

दिल्ली-मुंबईची माणसं आमच्याकडची जुनी पोर्तुगीज काळातली घरं फोटोवर बघून वेडी होतात. होणारच. पुढे बाल्कांव म्हणजे छपराखालचा ओटा, त्याच्या दोन्ही बाजूंना सोपे म्हणजे बसायची बाकं, चिऱ्याच्या जाड भिंती, वर नळे म्हणजे कौलं, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पापुद्रे, त्यातून येणारा तो दुधाळ उजेड. फोटोत सगळं येतं. फोटोत न येणारं सांगतो.

एक, वारस. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेनं नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, म्हणून विकताना दोघांच्याही सह्या लागतात. आजोबांच्या नावावरचं घर असेल तर सगळी मुलं, त्यांचे जोडीदार, गेलेल्यांची मुलं. त्यातला एक लिस्बनला, एक इंग्लंडात स्विंडनला, एकाचा पत्ताच नाही. यासाठी ‘इन्व्हेंटरी’ची, म्हणजे वारस आणि वाटण्या ठरवण्याची प्रक्रिया कोर्टात करावी लागते. ती झालेली नसेल तर घर कितीही सुंदर असो, पुढे जाऊ नका.

दोन, मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला १९७५ च्या कायद्यानं संरक्षण आहे. जाहिरातीत ‘मागे मोठी बाग’ लिहिलेलं असतं आणि त्या बागेत एका कुटुंबाचं हक्काचं घर उभं असतं. ते त्यांचं घर आहे, अडचण नाही, हे घेणाऱ्यानं आधी मनात पक्कं करावं.

आणि एक विनंती. घेतलंत तर राहा. वर्षातले दोन आठवडे येऊन बाकी काळ कुलूप लावलं की पहिल्या दोन पावसाळ्यांतच नळे सरकतात, पाणी वाशांत उतरतं. रिकामं जुनं घर आमच्या पावसात टिकत नाही.

झुळूक

सुशेगाद, हा प्रतिसाद जपून ठेवला आहे. माझ्या नवऱ्याच्या मित्रानं आसगावात असंच एक घर जवळजवळ नक्की केलंय, त्याला आजच पाठवते.

विषय थोडा वळवते. कुणाला न्यूयॉर्कजवळच्या नायॅकचा खटला माहीत आहे का? मालकीणबाईंनी आपल्या घरात भुतं आहेत असं मासिकाला आणि स्थानिक वर्तमानपत्राला वर्षानुवर्षं सांगितलं होतं. मग घर साडेसहा लाख डॉलरना विकायला काढलं. घेणारा शहरातला, त्याला हे ठाऊकच नव्हतं. कळल्यावर त्यानं करार मोडायला मागितला. १९९१ मध्ये न्यायालयानं म्हटलं की तुम्हीच जगाला भुतं असल्याचं सांगितलं आहे, तेव्हा कायद्याच्या दृष्टीनं हे घर झपाटलेलंच आहे. ग्राहकाला करारातून बाहेर पडायला मोकळीक मिळाली. भुतं खरी का खोटी यात न्यायालय शिरलंच नाही. घराच्या लौकिकाचा किंमतीवर परिणाम होतो आणि तो लौकिक घेणाऱ्याला तपासून कळण्यासारखा नव्हता, एवढ्यावर निकाल लागला.

कागदपत्र

फार महत्त्वाचा निकाल आहे हा, कायद्याच्या वर्गात शिकवतात. ‘घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत’ या जुन्या तत्त्वाला त्यानं मर्यादा घातली. आपल्याकडेही मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मिळकतीतला आणि मालकी हक्कातला जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला सहज कळणारा नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. १८८२ चा कायदा. लोकांना माहीत नसतो म्हणून विचारत नाहीत.

नाना_दादर

लौकिकाची गोष्ट निघाली म्हणून मीही एका घराबद्दल लिहितो. मलबार हिलवरचं ‘मेहरांगीर’. होमी भाभांचं घर. त्यांचे बंधू जमशेद भाभा २००७ मध्ये गेले आणि घर एनसीपीए या नाट्य-संगीताच्या संस्थेकडे आलं. जून २०१४ मध्ये लिलाव झाला, ३७२ कोटी. अणुऊर्जा खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी स्मारक करा म्हणून किती खटपट केली, कोर्टातही गेले. २०१६ मध्ये घर पाडलं.

मी त्या रस्त्यानं लहानपणापासून जात आलो. आत कधी गेलो नाही. ज्या माणसानं या देशात अणुविज्ञान उभं केलं, जो चित्रं काढायचा, संगीतात रमायचा, तो कुठल्या खिडकीशी बसत असेल हे बघायची संधी आता कुणालाच नाही. किंमत उघड झाली, तुम्ही म्हणता तसं. पण त्या ३७२ कोटींत काय गेलं हे त्या कागदावर कुठे लिहिलेलं आहे?

उंबरठा

नाना, काय बोलू. हे वाचून बराच वेळ गप्प बसले होते.

मोजपट्टी

नाना, या जखमेवर एक उत्तर अस्तित्वात आहे, ते सांगतो.

लॉस एंजेलिसमध्ये फ्रँक लॉइड राइट या नामवंत वास्तुरचनाकाराचं १९२४ चं एनिस हाउस आहे. माया संस्कृतीच्या धर्तीची नक्षी असलेले हजारो काँक्रीटचे ठोकळे रचून बांधलेलं. १९९४ च्या भूकंपानं आणि नंतरच्या मोठ्या पावसानं त्याची दैना झाली. ज्या न्यासाकडे घर होतं त्याला खर्च झेपेना. २००९ मध्ये त्यांनी १.५ कोटी डॉलरना विक्रीला काढलं आणि २०११ मध्ये सुमारे ४५ लाखांना विकलं. किंमत इतकी उतरली, पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही: विक्रीबरोबर अट बांधली. घराचं रूप मोडायचं नाही आणि वर्षातले किमान बारा दिवस लोकांना बघायला खुलं ठेवायचं. ही अट घराला चिकटते, मालक बदलला तरी सुटत नाही. नव्या मालकानं डागडुजी केली आणि २०१९ मध्ये तेच घर १.८ कोटींना विकलं गेलं.

मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी नियमावली आहे, यादी आहे, श्रेण्या आहेत. पण यादी प्रामुख्यानं इमारतीचं रूप बघते. विकणाऱ्या संस्थेनं स्वतःहून अशी अट घालावी, त्यासाठी दोन पैसे कमी घ्यावेत, ही रीत आपल्याकडे रुजलेली नाही. ज्या संस्थांना देणगीत घरं मिळतात त्यांनी तरी हे करायला हवं असं मला मनापासून वाटतं. देणाऱ्यानंच मृत्युपत्रात लिहून ठेवलं तर आणखी चांगलं.

पडवी

मी आता जरा घरचं विचारू का? इतके जाणकार एका जागी भेटलेत.

संगमेश्वर तालुक्यात आमचं घर आहे. चिरेबंदी, कौलारू, पुढे खळं, ओटी, पडवी, माजघरात शिसवी खांब. राहायला कुणी नाही. चुलत भावंडं विकायचं म्हणताहेत. मला वाटतं विकावं, पण जो ते पाडून सिमेंटचा बंगला बांधेल त्याला नाही. एका संकेतस्थळावर फोटो टाकले तर फक्त ‘गुंठ्याचा भाव काय’ असे फोन आले. घराबद्दल एकानंही विचारलं नाही.

कागदपत्र

पडवीताई, आधी हे बघा की घर गावठाणात आहे की शेतजमिनीत. शेतजमिनीत असेल तर महाराष्ट्रात ती शेतकऱ्यालाच विकता येते, म्हणजे ज्यांना घराची कदर आहे असे निम्मे शहरी लोक तिथेच बाद होतात. गावठाणात असेल तर ही अडचण नाही. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोननं मोजणी होते आहे, तुमच्या गावाची झाली असेल तर मिळकत पत्रिका मिळेल. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे मात्र भावंडांना समजावून सांगा.

सगळ्यांची वारस नोंद झाली आहे का? ज्यांना हिस्सा नको असेल त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. एनिस हाउससारखी अट आपल्याकडे विक्रीत बांधणं कठीण आहे, कारण मालकी पूर्ण दिल्यावर तिच्या उपभोगावर घातलेल्या अटी कायदा फारशा मानत नाही. त्यामुळे माणूस निवडणं हाच मुख्य उपाय. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देण्याचाही विचार करा, त्यात अटी टिकतात.

मोजपट्टी

आणि फोटो बदला. गुंठ्याचा भाव विचारणारे आले कारण फोटोत जमीनच दिसत असणार.

घराचा साधा नकाशा काढा, वहीच्या कागदावर चालेल. खोल्यांची मापं, दिशा, दारं-खिडक्या. प्रत्येक खोलीचा फोटो कोपऱ्यातून, छातीच्या उंचीवरून, दिवसाच्या उजेडात. मोबाइलचं रुंद भिंग वापरू नका, खोली मोठी दिसते आणि प्रत्यक्ष आलेला माणूस हिरमुसतो. माजघराच्या खांबाचं कोरीवकाम जवळून घ्या. वाळवी लागलेला वासा, ओल आलेली भिंत, मोडलेली कौलं यांचेही फोटो टाका आणि दुरुस्तीला साधारण किती लागेल ते लिहा. मी जगभरातल्या जाहिराती बघतो, ज्या घराच्या स्वयंपाकघराचा फोटो नाही त्या स्वयंपाकघरात काहीतरी बिघडलेलं आहे असं सरळ धरतो. तुमचा गिऱ्हाईकही तेच धरेल.

घर कुणी, कधी बांधलं, चिरा कुठल्या खाणीतला, सुतार कुठल्या गावचा, जे ठाऊक असेल ते लिहा. असं घर शोधणारा माणूस हे वाचूनच फोन करतो.

पडवी

मोठ्या काकूंना आत्ताच फोन केला. सुतार देवरुखचे होते म्हणाल्या, आणि खांब आधीच्या घरातून काढून आणलेले, म्हणजे ते घराहूनही जुने! हे मला आजवर माहीत नव्हतं. गणपतीला सगळे जमतोय, तेव्हा नकाशा काढते आणि हक्कसोडपत्राचं बोलून घेते. जाहिरात तयार झाली की आधी इथे टाकेन, चुका काढा. किंमत आकड्यातच लिहिणार. विहीर मात्र आमच्या आणि शेजारच्या वाडीची सामाईक आहे, ती कशी दाखवायची?

कागदपत्र

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात विहिरीच्या हिश्शाची आणि तिथवरच्या वाटेची नोंद आहे का ते बघा. असेल तर तो उतारा जाहिरातीसोबतच जोडा. नसेल तर शेजारच्यांना गणपतीतच गाठा, दोन्ही घरची वडीलधारी माणसं तेव्हा गावात असतील.